जोड

अँटॅगनिस्ट हा शब्द मी पहिल्यांदा वाचला
तो शरीराच्या तक्त्यावर, लाल स्नायूंच्या चित्राखाली.
खलनायक वगैरे अर्थ
फार नंतर कळला, नवऱ्यासोबत टीव्ही बघताना,
आणि मला तो चुकीचा वाटला.

दंडाचा पुढचा स्नायू कोपर वाकवतो,
मागचा ते सरळ करतो.
मागचा पुढच्याचा अँटॅगनिस्ट. आणि उलटही.
एक आवळू लागला की दुसऱ्याने सैल सोडायचं,
पण एकदम नाही, हातचं राखून,
नाहीतर चहाचा कप ओठांऐवजी दातांवर आपटेल.

हे मी पेनरिथच्या इस्पितळात
खिडकीजवळच्या खाटेवरल्या आयझॅक फॉल्डरला सांगत होते.
वय एक्क्याऐंशी, मेंढपाळ,
पक्षाघाताला पाच आठवडे.
उजवा हात छातीशी दुमडलेला,
मूठ अशी घट्ट, की नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून
आम्ही तिच्यात रुमालाची गुंडाळी ठेवायचो.

"म्हणजे ताकद आहे अजून,"
तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हणाला.
ताकद नाही, मी म्हटलं. अडवणारा गप्प झालाय.
म्हणून हा ओढतोच आहे, ओढतोच आहे,
याला पुरे म्हणणारं कुणी नाही.

बाहेर कुणीतरी गाडीच्या काचेवरचं हिव खरवडत होतं.
ते संपेपर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला, "एडविन राउथ."

तेवीस उन्हाळे, दऱ्यादऱ्यांतल्या जत्रांची ओली हिरवळ,
अंगाला चिकटलेली पांढरी सुरवार,
वर मखमली चड्डी, तिच्यावर आईने भरलेली जांभळी फुलं.
इथल्या कुस्तीत आधी मिठी मारावी लागते.
हनुवटी त्याच्या उजव्या खांद्यावर,
हात त्याच्या पाठीमागे, बोटांत बोटं.
मिठी सुटली तर हरलास.
पाडायचं ते न सोडता.

"बायकोलाही एवढा वेळ धरलं नसेन," तो हसला,
हसू अर्ध्या चेहऱ्यावरच आलं.
एडविनला मेंढ्यांच्या औषधाचा वास यायचा, आणि पेपरमिंटचा.
हिरवळीबाहेर दोघं बोलत नसत.
वडलांच्या काळात विकलेल्या एका मेंढ्यावरून.
मेंढा वांझ निघाला होता, किंवा तसं कुणी म्हणालं होतं.

"नोव्हेंबरात गेला. मी गेलो नाही.
दिवसभर कुंपणाचे दगड बसवत राहिलो.
ते पडलेले नव्हते."

त्या रात्री मी शब्दकोश काढला.
मूळ ग्रीक. अँटी, समोर.
अगोन, झुंज; त्याआधी, ती बघायला जमलेली माणसं.
वैर कुठेच नव्हतं.
समोर होतं. तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला उठवताना
मी नेहमीसारखी वाकले, हात त्याच्या काखेखालून,
एक दोन तीन.
त्याने हनुवटी माझ्या उजव्या खांद्यावर टेकवली.
दाढीचे खुंट, साबण, खाटेचा शिळा घाम.
डावा हात माझ्या पाठीवर आला,
उजवा आमच्या दोघांमध्ये मुठीसकट अडकलेला.
"सैल धरतेस," तो कानात म्हणाला.
मी घट्ट धरलं.
"आता ढकल."

हे कुठल्याही नियमात बसत नाही.
मी ढकललं.
तो डगमगला, टाच रोवली,
आणि माझ्यावर चाल करून आला,
एक्क्याऐंशी वर्षांचं सगळं वजन घेऊन.
तेव्हा त्याच्या उजव्या दंडामागे काहीतरी हललं,
की माझंच काळीज धडधडत होतं, सांगता येत नाही.
ते मी लिहिलं नाही.

फाइलीत लिहिलं:
आधाराने उभा, चाळीस सेकंद.
आधार हा शब्द त्याने वाचला असता
तर डाव्या हाताने का होईना, खोडला असता.